वाघ्याच्या वाट्याचा भात

रिहे गावातल्या तुळजाबाईंना अखेर भात रांधायचा मान मिळाला, आणि तो त्यांच्या सासूनं, सारजाबाईंनी, स्वतःच्या हातानं दिला. पण हे घडलंच नाही असं समजून पुढं वाचावं. सारजाबाईंचंही तेच म्हणणं आहे.

"आशियाई पद्धतीचं सामान भरून ठेवा," ग्रामसेवक ओसरीवर बसून सांगत होते. जपानी पद्धतीनं शेतात भाताची लावणी कशी करायची हे दाखवायला खुद्द जपानातून एक तज्ज्ञ येणार होते. मुक्काम तुळजाबाईंचे नवरे हैबतराव यांच्याकडं ठरला होता, कारण न कुरकुरणारी खाट गावात तेवढी एकच होती.

"आशियाई म्हंजे कंचं?" सारजाबाईंनी विचारलं.

"आशिया खंडातलं. तसे आपणही आशियातच आहोत."

"कवापास्नं?"

"पहिल्यापासून."

सारजाबाईंनी मुलाकडं पाहिलं. "हैबत्या, तुला ठावं व्हतं?"

हैबतराव उठून खाटेची दोरी आवळायला लागले.

"मग आपलंच जेवू घालू की."

"तसं चालत नाही," ग्रामसेवक म्हणाले. "त्यांना मासळी लागते, समुद्रातला पाला लागतो, आंबवलेलं सोयाबीन लागतं."

"आंबवलेलं म्हंजे नासलेलं. ते आमी मुद्दाम साठवत न्हाई, आपसूक हुतं."

तरी बेगमी सुरू झाली. हैबतरावांनी पौडच्या बाजारातून सुकट आणि बोंबील आणले. समुद्राचा पाला मिळेना, म्हणून धरणाच्या काठचं शेवाळ वाळत घातलं. ते शेळीनं खाल्लं आणि दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. सोयाबीनऐवजी हुलगे भिजवून ठेवले. शेजारी वासाची चौकशी करायला आले, तेव्हा ते आंबले असं ठरलं. पाहुणा काड्यांनी जेवतो हे कळल्यावर पिराजी धनगरानं स्वयंपाकघराच्या कुडाच्या भिंतीतूनच कारवीच्या दोन काटक्या उपसल्या आणि तासून गुळगुळीत केल्या. कुडाला भोक पडलं, पण त्यातून गावाला पाहुण्याचं जेवण बघायची सोय झाली.

राहता राहिला भात. रिह्यात नव्या सुनेचा पहिला भात सगळ्यांपुढं तपासतात. मुदीवर बोट टेकवलं की शितं सुटी होऊन पसरली पाहिजेत. तुळजाबाईंच्या मुदीवर सारजाबाईंनी बोट टेकवलं, तर मूद बोटाबरोबर वर आली. तेव्हापासून भाताच्या गावात तुळजाबाईंना भाताचं पातेलं बंद, आणि भात वाढायचा डावही. त्यांनी भाकरी थापायच्या, आणि भात रांधायचाच तर वाघ्या कुत्र्यापुरता. वाघ्याची तक्रार नव्हती, पण घरात त्याचं मत कुणी विचारत नसे.

"आत्याबाई, पाव्हण्याचा भात मी टाकू का?" तुळजाबाईंनी एकदा विचारून पाहिलं.

"टाक की. जपान पुन्यांदा आपल्याशी बोलायचं न्हाई."

पाहुणे आले. नाव मोरिता, हसरे गृहस्थ, गुडघाभर चिखल घेऊनच दारात उभे. हैबतरावांनी त्यांना मोरे म्हणायला सुरुवात केली आणि कुठले मोरे तेही विचारून घेतलं.

सारजाबाईंनी भात वाढला, मोगऱ्याच्या कळ्यांसारखा मोकळा. पाहुण्यांनी काटक्यांनी एक शीत उचललं. खाल्लं. दुसरं उचललं, ते निसटलं. तिसऱ्यामागं ते ताटभर फिरले. गाव भोकाला आळीपाळीनं डोळा लावून होतं. पहिल्या पाळीचे लोक गुरांना पाणी दाखवून परत आले, तरी पाहुणे मुदीच्या काठावरच होते.

"शितन्‌शीत मान देऊन खातोय," सारजाबाई म्हणाल्या. "लई गुणाचा पाव्हणा."

"त्यो उपाशी मरंल, आत्याबाई," तुळजाबाई म्हणाल्या, आणि त्या घरात पहिल्यांदाच न विचारता उठल्या. पडवीतलं पातेलं आणून त्यांनी ताटात उपडं केलं.

"अगं, वाघ्याचा भात हाय त्यो!"

"वाघ्याला मी सांगते."

पाहुण्यांनी काटक्या लावल्या. लिंबाएवढा गोळा अलगद वर आला. त्यांनी तो डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा, मग सगळाच, आणि शेवटी रिकाम्या पातेल्यात डोकावून पाहिलं. पाटावरून उठून ते तुळजाबाईंपुढं इतके वाकले की काहीतरी हरवलंय असं समजून हैबतरावही खाली शोधू लागले.

पाहुणे पुटपुटले ते ग्रामसेवकांनी इंग्रजीतून मराठीत आणलं. "म्हणतात, आईच्या हातचा भात."

"कुणाच्या आईच्या?" सारजाबाई कडाडल्या.

"म्हातारे, दे आता सुनंला डाव!" भोकातून शेजारच्या नथूचा आवाज आला. त्याच्यामागून अख्खी आळी ओरडली, "दे! दे!"

सारजाबाईंनी डाव पदरानं पुसला. बराच वेळ पुसला. मग पुढं केला. "घे. पाव्हणा हाय तवर."

दुसऱ्या दिवशी चुलीवर मोठं पातेलं चढलं आणि कुडाच्या भोकातून आंबेमोहराचा वास आळीभर गेला. तुळजाबाई पाण्याला गेल्या तेव्हाही डाव त्यांच्या कमरेला खोचलेला होता.

पाहुणे शनिवारी जाणार, असं पौडहून कळलं आहे.

सबब शेतकी खात्यास आळीतर्फे नम्र विनंती की, श्री. मोरिता जपानला पोचले तरी त्यांचा मुक्काम सरकारी दप्तरी मौजे रिहे येथेच, तुळजाबाई हयात असेपर्यंत, चालू दाखवावा. तसेच वाघ्या यास बुडालेल्या एका जेवणाची भरपाई व्हावी. भात चिकट असावा. कळावे.