जाब देणारा पोपट

प्रांजल दहावीला गेली आणि भिकाजीने मुंबई सोडून कायमचं गाव गाठलं, ते वर्ष दोन हजार तेवीस. प्रांजल ही दशरथ परबाची नात आणि भिकाजी त्याचा धाकटा भाऊ. नातीच्या दहावीचा घोर नाहूरच्या त्या घरात सगळ्यांनाच होता. भाऊ गेल्याचा घोर मात्र एकट्या दशरथला, आणि तोही अशा कारणाने की चारचौघांत सांगायची सोय नव्हती.

कारण होतं गाऱ्हाण्याचं. घरात काही शुभकार्य असलं की दशरथ देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घाली. कोकणात त्याच्या बापाचा बापही हेच करत आला. घालणाऱ्याने एकेक मागणं मोठ्याने मागायचं आणि प्रत्येक मागण्यामागे बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' असा जाब द्यायचा. जाब मिळाला की मागणं वर पोचलं. नाही मिळाला तर ते तिथेच फरशीवर पडून राहतं आणि दुसऱ्या दिवशी केरात जातं, असं दशरथचं पक्कं मत होतं. भिकाजीची उमेदीची वर्षं गिरणीतल्या यंत्रांच्या खडखडाटात बोलण्यात गेलेली. तो एकटा जाब द्यायचा तर दहा माणसांची गरज उरत नसे.

तो गेल्यावरचा पहिला दसरा आला. दशरथने नारळ ठेवला, घसा खाकरला आणि पहिलं मागणं मागितलं. मुलगा सुबोध मोबाईलवरची नजर न काढता "हं" म्हणाला. सून श्रुतिका कानात ऑफिसची मीटिंग लावून उभी होती. तिचे हात देवाला जोडलेले आणि तोंड कुठल्याशा साहेबाला "येस सर" म्हणत होतं. बायको सुगंधा, तिचा घसा मुळातच बारीक, तिचा जाब नैवेद्याच्या ताटापलीकडे जाईना. प्रांजल म्हणाली, "ओके आजोबा."

"ओके काय गो? देव काय तुझ्या वर्गात आसा?" दशरथने गाऱ्हाणं अर्ध्यात सोडलं आणि तो गॅलरीत जाऊन बसला.

दिवाळीत सुबोधने तोड काढली. गावी भिकाजीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन समईला टेकून उभा केला. दशरथने सुखशांती मागितली. फोन गप्प. नातीला चांगले मार्क मागितले. फोन गप्प. तिसऱ्या वेळी त्याने सुरुवात केली, "आणि जो कोण ह्या पोरीच्या वायटावर टपलो आसात," आणि त्याच क्षणी भिकाजीचा अडकून पडलेला जाब धाडकन आला, "व्हय म्हाराजा."

सुगंधाने पटकन फोन पालथा घातला. "बंद करा ते. कसला व्हय खयच्या मागण्याक जाता तो."

त्या दिवसापासून दशरथच्या मनाने घेतलं की माघात, परीक्षेच्या तोंडावर सत्यनारायण होईल तेव्हा गाऱ्हाण्याला धड जाब मिळाला नाही, तर पोरीचं काही खरं नाही. आणि एका सकाळी चहाची बशी तोंडाला लावता लावता तो म्हणाला, "माका एक पोपट हवो."

"कित्याक?" सुगंधाने विचारलं.

"शिकवूक. पोपट शिकवलेला विसरत नाय. मोबाईल पण बघत नाय."

श्रुतिका डबा भरता भरता थांबली. "बाबा, आपला हिरवा पोपट पाळायला बंदी आहे. वनखात्याने पकडलं तर तुम्ही आत जाल."

"आत माणसां तरी असतली. जाब तरी देतली."

खालच्या मजल्यावरचा कुंडलिक हे ऐकून संध्याकाळी वर आला. माणूस भला, पण प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे मागचा दरवाजा असायचा. हळू आवाजात म्हणाला, "दशरथराव, हिरवाच घ्या. माझा एक ओळखीचा आहे, पिशवीतून आणून देतो. कोणाला पत्ता लागायचा नाही."

"काका," श्रुतिका म्हणाली, "बोलणारा पोपट लपवणार कसा?"

कुंडलिकने यावर बराच विचार केला, चहा संपवला आणि तो खाली गेला.

मग ठरलं की पोपट परदेशी घ्यायचा, कागदपत्रांचा घ्यायचा आणि बघून घ्यायचा. परबांच्या घरात बघून घेणं म्हणजे एकच पद्धत ठाऊक. सुगंधाने सुबोधला मुलगी बघताना नेसलेली साडी काढली, दशरथने टोपी घातली आणि दोघं घाटकोपरच्या एका पक्ष्यांच्या दुकानात जाऊन पिंजऱ्यांसमोर खुर्च्या मागून बसले.

दुकानदाराने आधी निळापिवळा थोरला पोपट दाखवला. सुगंधाने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रंग झकास आहे. नाक जरा जास्तच बाकदार. खातो काय?"

"बदाम, अखरोट, सेब. सब खाता है, मौसी."

"बदाम? आमच्या सुबोधला दहावीत बदाम मिळाले नाहीत, मेल्या."

दशरथ उठला. प्रत्येक पिंजऱ्यासमोर उभा राहून त्याने खड्या आवाजात एकच मागणं म्हणून पाहिलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या पाठीशी उभो रव रे म्हाराजा." लव्हबर्ड कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसले. तुऱ्याच्या करड्या पक्ष्याने पाठ फिरवली. थोरल्या पोपटाने असली किंकाळी फोडली की दशरथ म्हणाला, "हो जाब नाय, ह्यां भांडाण आसा." आणि तेवढ्यात मागून दणदणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा."

दोघांनी वळून पाहिलं. कुत्र्याची बिस्किटं घ्यायला आलेला एक गृहस्थ पिशवी खाली ठेवून हात जोडून उभा होता. स्वतःच ओशाळला. "सवयीने तोंडातून गेलं. आम्ही कणकवलीकडचे."

दशरथने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि सुगंधाच्या कानाला लागला. "ह्येकाच नेऊया?"

"त्याची बायको देईल?"

तसे ते हात हलवत घरी आले.

पोपटाचा पत्ता शेवटी सुक्या मासळीने दिला. सुगंधाने उभी हयात अंधेरीच्या एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटल्या, आणि तेव्हापासून मासळी घ्यायची ती वर्सोव्याच्या अंजनाबाईकडूनच. आता मेट्रो झाल्यापासून ती दर हिवाळ्यात तिच्या दारात सुकट-बोंबील न्यायला जाई. या वेळी गेली तर ओटीवर पिंजरा आणि पिंजऱ्यात राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा पोपट. अंजनाबाईच्या कृणालने, म्हणजे मुलाने, रीतसर कागद करून तो घेतला होता. कृणालला बोटीवर नोकरी लागली, आणि अंजनाबाई पोपटासाठी चांगलं घर शोधत होती. दुकानात द्यायचा नाही, एवढीच तिची अट.

दुसऱ्याच रविवारी सुगंधा दशरथला घेऊन गेली. अंजनाबाईने पाट मांडले.

"बस दादूस. याचा नाव शेट."

"बोलता?" दशरथने विचारलं.

"बोलतो? माझ्यावर गेलाय तो. दिसभर माझ्या पाटीपाशी बसायचा बाजारात. जाब दिल्याबिगर रव्हतच नाय."

दशरथचे डोळे चमकले. तो पिंजऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याने मागणं म्हटलं. शेटच्या चोचीत नेमका भुईमुगाचा मोठा दाणा होता. त्याने मान तिरकी केली, दशरथकडे एका डोळ्याने पाहिलं, आणि दाणा गिळायला दोनदा मान खालीवर हलवली.

सुगंधाने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "बघितलं? मोठ्यांच्या बोलण्यात बोलला नाही. नुसती मान हलवली. वळणाचा आहे."

मुलगी बघायला गेल्यावर जी गप्प राहून मान हलवते ती चांगल्या घरातली, हे दोघांच्या हाडात मुरलेलं. जिच्याशी घासाघीस करण्यात सुगंधाचं अर्धं आयुष्य गेलं, त्या अंजनाबाईवर हा पक्षी गेलाय म्हणजे काय, हे त्या घटकेला तिच्या ध्यानात आलं नाही. पसंती झाली. श्रुतिकाने कागद आपल्या नावावर करून घेतले.

ध्यानात आलं ते नेतानाच. पिंजऱ्यावर चादर घालून दोघं रिक्षात बसली. रिक्षावाल्याने विचारलं, "नाहूर? मीटर से चलेंगे, मौसी."

चादरीखालून अंजनाबाईचा आवाज आला, "नाय परवडत."

रिक्षावाला दुखावला. "अरे, मीटरच बोला ना मैंने."

"तुम्हाला नाही हो," सुगंधा म्हणाली.

"हात नको लावू," चादर म्हणाली.

घरी आल्यावर दशरथने शिकवणी लावली. सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून बसायचा. "बोल शेट, व्हय म्हाराजा." शेट म्हणायचा, "नाय परवडत." पेरूची फोड दाखवली की म्हणायचा, "कालचा हाय." सुबोध सकाळी चावी शोधू लागला की, "घ्यायचा तर घे, नायतर पुढं हो." पालथ्या घड्यावर पाणी. एकदा प्रांजल गणिताचा पेपर दाखवायला आली, तर शेट तो बघून म्हणाला, "असला नको घेऊ." ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

"बाबा, पूजेच्या दिवशी याला बेडरूममध्ये ठेवू या," श्रुतिका म्हणाली.

"घरातलोच आसा तो. देवासमोर येतली बुद्धी," दशरथ म्हणाला. पण त्या दिवसांत त्याचं जेवण कमी झालं होतं. चहा प्यायचा आणि नातीच्या बंद दाराकडे बघत बसायचा.

सत्यनारायण झाला. कथा संपली, आरती झाली. खालून कुंडलिक आणि त्याची बायको शर्मिष्ठा आली होती, समोरच्या दारातलं एक सिंधी जोडपंही आलं होतं. पिंजरा चौरंगाजवळ. दशरथ नारळ ठेवून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, ह्या वास्तूत सुख-समाधान नांदू दे रे म्हाराजा."

सुबोध म्हणाला, "हं." श्रुतिका पाहुण्यांच्या द्रोणांकडे बघत होती. आणि त्या शांततेत शेटने खणखणीत सांगितलं, "नाय परवडत."

भटजींचा शिऱ्याचा हात तसाच राहिला. दशरथने न ऐकल्यासारखं केलं.

"लेकराबाळांका निरोगी ठेव रे म्हाराजा."

"घ्यायचा तर घे, नायतर पुढं हो."

कोणी हसेना. देवाच्या तोंडावर हे असं. सुगंधाचा चेहरा उतरला. दशरथने डोळे मिटून घेतले. पाऊल मागे घ्यायला आता जागा नव्हती. त्याचा आवाज फाटला.

"आणि ह्या पोरीक, प्रांजलक, दहावीक चांगले मार्क पडू देत रे म्हाराजा."

शेटने मान वर केली. "नाय—"

"व्हय म्हाराजा," सुगंधा ओरडली. त्या बारीक घशातून इतका मोठा आवाज निघेल हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्यामागे सुबोधने मोबाईल खिशात कोंबून जाब दिला. श्रुतिकाने दिला. प्रांजलने तर बेंबीच्या देठापासून दिला, मार्क तिचे होते. शेट पुन्हा तोंड उघडायच्या आत दशरथने पुढचं मागणं टाकलं आणि सगळ्यांनी मिळून शेटचा आवाज बुडवला. सिंधी गृहस्थाला काय चाललंय कळलं नव्हतं, पण तोही बाह्या सरसावून "व्हय म्हाराजा" म्हणत होता. लिफ्टजवळचा वॉचमन काय झालं बघायला वर आला आणि दारातच हात जोडून सामील झाला.

दशरथला आता सोडवेना. त्याने कुंडलिकच्या गुडघ्यासाठी मागितलं, भिकाजीच्या आंब्यांसाठी मागितलं, लिफ्ट बंद पडू नये म्हणून मागितलं. शिरा थंड झाला. शेट मधूनमधून आपला भाव सांगत होता, पण त्याला कोणी गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

पूजा आटोपल्यावर सुबोध घाम पुसत म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी प्लीज याला आत ठेवा. घशाची वाट लागली यार."

"आत ठेवलंय तर तू परत 'हं' म्हणतलंस," दशरथ म्हणाला आणि त्याने पेरूची सगळ्यात मोठी फोड पिंजऱ्यात सारली.

"कालचा हाय," शेट म्हणाला आणि ती खाल्ली.

प्रांजल चांगल्या मार्कांनी पास झाली. त्यानंतर दसरा, दिवाळी, सुबोधची नवी गाडी, प्रत्येक गाऱ्हाण्याला पिंजरा देवाशेजारी असे आणि शेटचं तोंड दाबायला घरचे आधीपासून श्वास भरून उभे असत. दशरथने त्याला शिकवायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

दशरथ परब दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यात, गावी भिकाजीच्या घरी, दुपारी जेवून आडवा झाला असताना वारला.