ऑफिसरच्या बायका

मी इंग्रजीची प्राध्यापिका आहे आणि प्रूफ तपासायला मी गेले नाही. एवढं आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल.

एकसष्ट सालची संक्रांत. जयपुरातल्या आम्हा मराठी बायकांचं हळदीकुंकू नंदकिशोर देवल यांच्या बंगल्यावर ठरलं होतं. नंदकिशोर बँकेत मॅनेजर, वय चौतीस, लग्न व्हायचं होतं. आम्ही सगळ्या मुलाबाळांसकट दोन-दोन खोल्यांत कोंबलेल्या, आणि या एकट्या माणसाला बँकेनं सी-स्कीम या बड्या वस्तीत हिरवळीचा बंगला दिलेला. हळदीकुंकू दुसरीकडे कुठे करणार?

नवऱ्यांच्या ऑफिसातल्या बंगाली, पंजाबी बायकांनाही बोलवायचं म्हणून निमंत्रण इंग्रजीत, आणि ते लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी लिहिलं: On behalf of the officers' wives, at the bungalow of Shri N. V. Deval. ऑफिसर अनेक, म्हणून आधी एस आणि मग अपॉस्ट्रॉफी. 'ऑफिसराच्या' आणि 'ऑफिसरांच्या' यांत मराठीत जसा एका टिंबाचा फरक, तसाच हा. बायकांच्या मागे नवरा म्हणून कोण उभं आहे, एक की पुष्कळ, हे त्या शेपटीवरून कळतं. सगळ्यांचे संसार त्या शेपटीवर असतात असं मी वर्गात नेहमी सांगते. मुली हसतात.

चौडा रास्ता बाजारातल्या छापखान्यात मात्र ती शेपटी कंपोझिटरला पाहवली नाही. "मॅडमजी, वो कॉमा आखिर में अकेला लटक रहा था," तो मला नंतर म्हणाला. "मैंने अंदर बिठा दिया." म्हणजे एसच्या आधी. आता ऑफिसर एक आणि बायका अनेक. त्यात कार्डावर नाव असलेला ऑफिसरही एकच, देवल.

ऐंशी घरी कार्डं गेली. एकोणऐंशी घरांत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ऐंशीवं घर बापू किरपेकरांचं.

बापूंनी तीस वर्षं इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर ते वर्तमानपत्रातल्या चुका काढत बसत. त्यांची मुलगी विभा नंदकिशोरला सांगून आली होती. पोहे झाले, दोघांची पसंती झाली, साखरपुडा आठ दिवसांवर आला होता. नंदकिशोरची आधीची तीन स्थळं कुठे ना कुठे फिसकटलेली. या वेळी मात्र तो इतका खुशीत होता की बँकेच्या शिपायालाही 'या, बसा' म्हणायचा. आणि बापूंनी ते कार्ड परत पाठवलं. 'वाइव्ह्ज'खाली लाल रेघ आणि समासात प्रश्न: 'किती? कृपया कळवावे.'

मी धावत त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "बापू, अपॉस्ट्रॉफी चुकलीय हो."

"विनयाबाई," ते शांतपणे म्हणाले, "मजकूर तुमचा. इंग्रजीची प्राध्यापिका असली चूक करणार नाही. म्हणजे ही चूक नव्हेच."

माझ्याच हुशारीनं माझं तोंड बंद केलं. घरी येईपर्यंत मी स्वतःवर आणि त्या कंपोझिटरवर आळीपाळीनं चिडत होते.

तेवढ्यात नंदकिशोरनं मला न विचारता बापूंना खुलाशाचं पत्र धाडलं. त्याचं सगळं शिक्षण हिंदीत, मराठी अगदी बेताचं. त्यानं लिहिलं: 'माझ्या बंगल्यावर येणाऱ्या सर्व बायका दुसऱ्यांच्या आहेत. आपण निर्धास्त असावे.'

"वहिनी, मतलब, खरं तेच लिहिलं ना मी?" त्यानं मला विचारलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

पत्र वाचून बापूंनी एवढाच निरोप पाठवला: 'मी स्वतः येऊन मोजतो.'

हळदीकुंकवाच्या दुपारी ते खरोखरच आले. बरोबर विभा. व्हरांड्यात खिडकीशी खुर्ची टाकून ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. परक्या बायकांना तुमचा नवरा कोण असं विचारता येईना, तेव्हा मला एकच मार्ग सुचला. मी जाहीर केलं, की यंदा उखाणा घेतल्याशिवाय कुणालाही वाण मिळणार नाही.

प्रभानं वसंतरावांचं नाव घेतलं, बापूंनी खूण केली. निशिगंधानं डॉक्टरांचं घेतलं, खूण झाली. मी चंद्रकांतरावांचं इतक्या मोठ्यानं घेतलं की बाहेर माळी दचकला. बंगाली बाईंना उखाणा माहीत नव्हता, त्यांनी नवऱ्याचं नाव, हुद्दा आणि ऑफिसचा पत्ता सांगितला. नंदकिशोर कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभा होता आणि प्रत्येक नावाला ट्रेमधले कप वाजत होते. मला त्याची फार दया आली.

बावीस बायका, बावीस नवरे. नंदकिशोर एकीचाही नाही. बापूंनी यादी खालून वर पुन्हा मोजली आणि म्हणाले, "आज ज्या आल्या नाहीत, त्यांचं काय?"

नंदकिशोरनं ट्रे खाली ठेवला. आता हे लग्न मोडलं असंच मला वाटलं.

तेव्हा विभा व्हरांड्यातून आत आली. पदर खोचून बायकांच्या मधोमध उभी राहिली आणि शब्द जुळवत, अडखळत म्हणाली,

"अपॉस्ट्रॉफीच्या मागे एस, की पुढे एस,
नंदकिशोररावांचं नाव घेते, बापू, मिटवा ही केस."

लग्नाआधी उखाणा घेतलेली मुलगी आम्ही कुणी पाहिली नव्हती. नंदकिशोर कानापर्यंत लाल झाला. बापूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि यादीत तेविसावं नाव लिहिलं.

"विनयाबाई," खिडकीतून ते म्हणाले, "अपॉस्ट्रॉफी जागेवरच होती. ऑफिसर एकच. पुढे वाइव्ह्जच्या जागी वाइफ हवं होतं, तेवढं दुरुस्त करा."

मी जन्मात पहिल्यांदा व्याकरणावरून वाद घातला नाही.