कानातला हायड्रोजन

सांगलीहून मुलाकडे बेहालाला आल्यापासून शारदाबाईंच्या कानांत दडे बसले होते. शेवटी सून प्रतिभा त्यांना कोपऱ्यावरच्या बंगाली डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, "मैल जम गया है, मा. हाइड्रोजेन डालना पड़ेगा."

शारदाबाई खुर्चीतून उठल्याच. नुकताच चीननं हायड्रोजन बाँब फोडला होता. मुलानं, चारुदत्तानं, ती बातमी त्यांच्या कानाशी ओरडून वाचली होती. शहरंच्या शहरं बेचिराख होतात म्हणे.

"अगं, हे कानात घालायचं?"

"तो निराळा, सासूबाई. फुग्यात भरतात ना, तसला असेल," प्रतिभा म्हणाली. तिलाही नीटसं माहीत नव्हतं.

घरी नात शैलानं आणखी भर घातली. "घाबरतेस काय आजी? हायड्रोजन पाण्यातही असतो. रोज पितेस की!"

शारदाबाई हातातल्या फुलपात्राकडे बघतच राहिल्या. जे शहरं जाळतं, तेच फुगा उडवतं आणि तहानही भागवतं? पोरगी थट्टा करतेय की आपणच वेड्या झालो, त्यांना कळेना. पाणी मात्र त्यांनी तसंच ठेवलं.

दुपारी कान ठणकायला लागला तेव्हा त्या मुकाट्यानं कुशीवर झाल्या. प्रतिभानं हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीतले थेंब कानात सोडले. आत फसफसलं.

"पेटलं गं!" शारदाबाईंनी चादर घट्ट धरली.

"फेस आहे नुसता, आजी. ऑक्सिजनचा," शैला म्हणाली.

"ऑक्सिजनचा? मग हायड्रोजन कुठे गेला?"

"तो... पाण्यात राहिला."

"कुठल्या पाण्यात?"

शैला पुस्तक शोधायला गेली.

प्रतिभानं कोमट पाण्यानं दोन्ही कान धुतले. मळाचे काळे खडे वाटीत पडले, आणि रस्त्यावरून जाणारी ट्राम एकदम घरात शिरल्यासारखी खणखणली.

"ऐकू येतंय का, सासूबाई?"

"येतंय गं! ओरडतेस कशाला एवढी?"

प्रतिभा वाटी धरून उभी राहिली. "तुम्ही आल्यापासून अशीच बोलतेय मी."

शारदाबाई वरमल्या. सून आपल्याशी तोंडातल्या तोंडात पुटपुटते, असं त्यांनी मनाशी पक्कं धरून ठेवलं होतं.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "घसा पार बसलाय तुझा. मी चहात आलं घालून आणते."