दांडीवरचे लिंबू

गुरुबसप्पांना तीन मुलींच्या पाठीवर मुलगा झाला, त्या साली मी सोलापुरात आले. ते साल १९३४. पाळणा आणि मी एकाच आठवड्यात त्यांच्या दारात पोचलो. मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. आता मी शेंगांच्या गोदामात पोत्यांच्या आडोशाला उभी असते आणि माझ्या मागच्या गादीवर एक मांजर आपली पिल्ले घेऊन राहते. पण त्या काळी मी मंगळवार पेठेत वळले की चहावाले हातातली किटली तशीच धरून बघत राहायचे, आणि चहा गिऱ्हाइकाच्या धोतरावर सांडायचा.

माझा जन्म विलायतेतला. बोटीने मुंबईला आणि मालगाडीने सोलापूरला आले. इतर मोटारींचे गिअर बदलताना ड्रायव्हरला हातपाय झोडावे लागत आणि खर्र असा आवाज होई. माझे तसे नव्हते. स्टिअरिंगच्या खाली बोटाएवढी नाजूक दांडी होती. हवा तो गिअर तिच्यावर नुसता लावायचा आणि पायाखालची पट्टी दाबायची. आतले काम मी स्वतः करी. गिअरमध्ये असताना कोणी मला चालू केले तर मी समोरच्याला उडवीन, म्हणून कारागिरांनी एक बंदोबस्त करून ठेवला होता. दांडी बरोबर मधल्या खुणेवर असेल तरच स्टार्टरला वीज मिळे. ती केसभर जरी खाली सरकली, तरी बटण कितीही दाबा, मी गप्प.

हे माझ्याबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात लिहिलेले होते. ते पुस्तक नागम्मांनी, म्हणजे मालकिणीने, नीट गुंडाळून पाळण्याच्या गादीखाली ठेवले होते. कागद चांगला जाड होता.

माझा ड्रायव्हर भीमा आधी टांगा हाकत असे. मला चालू करताना तो जिभेने टक् टक् असा आवाज काढी आणि उतारावर ‘हो हो’ म्हणे. माझ्यावर सर्वांत जास्त जीव मात्र सुंदरम्मांचा. त्या गुरुबसप्पांच्या आई. सगळे घर त्यांना अव्वा म्हणे. पहिल्या दिवशी त्या चपला दारात काढून माझ्यात बसल्या. होटगीला उतरल्या तेव्हा चपला मंगळवार पेठेत होत्या. तापल्या फुफाट्यातून अनवाणी चालत त्या म्हणाल्या की गाडी देवळासारखी आहे, चूक काही झाली नाही.

एवढी देखणी वस्तू, म्हणजे दृष्ट लागणार. दर शनिवारी अव्वा बाजारातून टपोरे लिंबू आणीत. त्याच्या खाली हिरव्या मिरच्या, वर बिब्बा, असे काळ्या दोऱ्यात ओवून त्या माझ्या अंगावर बांधीत. बांधायला सोयीची जागा एकच होती. ती नाजूक दांडी.

मित्रांनो, तुमच्या ध्यानात आले असेल. त्या घरात कुणाच्या आले नाही.

ताज्या लिंबाच्या वजनाने दांडी केसभर खाली यायची. शनिवारी, रविवारी भीमा बटण दाबी आणि मी मुकी. लिंबू जसजसे सुके, तसतशी दांडी वर जाई, आणि आठवड्याच्या मध्यावर मी आपोआप बरी होई. उन्हाळ्यात लवकर बरी होई, पावसाळ्यात मला वेळ लागे. कधी भीमाच्या गुडघ्याचा धक्का लागून दांडी क्षणभर जागेवर येई आणि मी एकदम चालू होई. मग तो सांगे की आपण मनातल्या मनात सिद्धेश्वराचे नाव घेतले होते. पुढच्या वेळी तो मोठ्याने नाव घेई आणि मी ढिम्म.

हाताने फिरवायचे हँडल होते. पण ते एकदा उलटे फिरले आणि भीमाचे मनगट सुजून वांग्यासारखे झाले. मालकांनी ते हँडल रागाने विहिरीत टाकले.

मी बिघडले की घरातल्यांना वाटे, दृष्ट जबरदस्त आहे. मग पुढच्या शनिवारी लिंबू आणखी मोठे. एकदा तर अव्वांनी नारळाएवढे ईडलिंबू बांधले. त्या महिन्यात मी जागची हललेच नाही.

शेवटी दस्तगीर मिस्त्रींना बोलावले. मोठा हुशार माणूस. पण वाकताना लिंबू त्यांच्या नाकाला लागे, म्हणून ते आधी लिंबू सोडून खिडकीला अडकवीत आणि मग बटण दाबीत. मी लगेच गुरगुरू लागे. सगळे उघडून, पुसून, तेल घालून ते म्हणत, “गाडीकू कुच नई हुआ सेठ. ये तो घड्याल के माफिक चलती.” आणि दुसऱ्याच्या देवाधर्माच्या वस्तूचा अपमान नको, म्हणून जाताना लिंबू आठवणीने पुन्हा दांडीवर बांधून जात. ते गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मी पुन्हा मुकी झालेली असे.

मला सगळे कळत होते. पण मला आवाज एकच दिलेला होता, भोंग्याचा, आणि भोंग्याने लिंबू असे म्हणता येत नाही.

मग १९३६ साल आले. थोरल्या चन्नम्माचे लग्न अक्कलकोटला, नवऱ्यामुलाच्या दारी ठरले. त्याआधी अव्वा महिनाभर तिकडे भावाकडे राहून आल्या. त्या नव्हत्या, म्हणून लिंबूही नव्हते. महिनाभर मी एका बटणात चालू झाले. त्या आल्या, शनिवारी त्यांनी लिंबू बांधले, आणि रविवारी मी बंद.

आता घरात कुजबुज सुरू झाली. पाहुणे म्हणाले, गाडीला दृष्ट बाहेरची नाही, घरातलीच आहे. म्हातारी टक लावून बघते ना गाडीकडे. त्यातून विधवा बाई. गुरुबसप्पांना ते पटले नव्हते, पण खोडूनही काढता येईना. नवरी घेऊन निघालेली गाडी वाटेत अडली तर व्याह्यांपुढे तोंड कुठे दाखवायचे? आईशी बोलायचा त्यांना धीर झाला नाही. त्यांनी नागम्मांना पुढे केले. नागम्मांनी खाली मान घालून सांगितले की अव्वांनी आदल्या दिवशी बैलगाडीने पुढे जावे, आणि निघताना मोटारीकडे बघू नये.

ज्या नातीला त्यांनी मांडीवर वाढवले, तिच्या शेजारी बसून तिला सासरी न्यायचे, एवढे एकच त्या वर्षभर बोलत होत्या. अव्वा जेवल्या नाहीत. दुपारी अंगणात येऊन त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मालक नुकतेच दुकानातून आले होते.

“गुरू, माझ्या डोळ्यात इख हाय म्हनं.”

“तसं न्हाय अव्वा. लोक म्हनत्यात.”

“लोक ऱ्हाऊ दे. तू काय म्हनतोस?”

गुरुबसप्पा पगडी नीट करू लागले. ती नीटच होती.

“बरं,” अव्वा म्हणाल्या. “भीमा, ते लिंबू सोड. माझी नजर एवढी वंगाळ आसंल तर त्याचा पहारा तरी कशाला? एकटी नजर काय करती ते बघू की.”

भीमाने मालकांकडे बघितले. मालकांनी जमिनीकडे बघितले. भीमाने लिंबू सोडले. अव्वा पुढच्या जागेवर बसल्या आणि डोळे एवढे मोठे केले की अंगणातले पोर रडू लागले.

“दाब आता.”

मी चालू झाले. मित्रांनो, इतक्या आनंदाने मी कधीच चालू झाले नव्हते.

अव्वांनी मला बंद करायला लावले. मग समोरून बघितले. बाजूने बघितले. दिव्याला नाक लावून बघितले. दर वेळी मी चालू. पाहुणे ओट्यावर गोळा झाले. नागम्मांना भीती वाटली की एवढे उघड्यावर बघून आता खरेच काहीतरी होईल. त्या धावत आल्या आणि लिंबू पुन्हा दांडीवर बांधून टाकले.

भीमाने मला बंद करून पुन्हा बटण दाबले. मी गप्प.

भीमाने जिभेने टक् टक् केले, काही उपयोग झाला नाही. मग अव्वांनीच एक बोट लिंबाखाली घालून ते हळूच उचलले.

“आता?”

मी गुरगुरले. मला बंद करून पुन्हा बटण दाबले, की बोट काढल्यावर गप्प, बोट लावल्यावर चालू. पाहुण्यांतला एक जण हसू दाबता दाबता ओट्यावरून खाली पडला.

“म्हंजे माझी नजर न्हवं,” अव्वा म्हणाल्या. “माझं लिंबूच जड हुतं व्हय.”

दस्तगीर मिस्त्रींना निरोप गेला. ते आले, लिंबाखाली बोट घालून त्यांनी दोनदा खात्री केली आणि चहा मागितला. गुरुबसप्पा आईची माफी मागणार, असे मला वाटले. तसे ते काही बोलले नाहीत. पण लग्नाला निघताना त्यांनी माझे दार स्वतः उघडून धरले, अव्वांना नातीशेजारी बसवले आणि त्यांच्या दारात काढून ठेवलेल्या चपला वाकून आत सरकवल्या. स्वतः बैलगाडीने मागून आले. लिंबावरचा अव्वांचा विश्वास उडाला नव्हता. अक्कलकोटपर्यंत त्यांनी ते पदरात धरून ठेवले. त्यानंतर ते माझ्या मागच्या बंपरवर बांधले जाऊ लागले, आणि बिघाडापायी मी पुन्हा एकदाही थांबले नाही.

मित्रांनो, आता माझी चाके उतरवून ठेवली आहेत आणि दांडीही कुणीतरी काढून नेली. गोदामात खेळायला आलात तर माझ्यावर खुशाल चढा, फक्त मांजरीला त्रास देऊ नका. आणि तुमच्या घरातली एखादी वस्तू अडली, तर आधी तिच्यावर आपण काय लादले आहे ते बघा, मग माणसांकडे बघा. कुणाच्या नजरेला बोल लावण्याआधी एकदा बोट घालून लिंबू उचलून बघावे. त्याला काही लागत नाही.

सुंदरम्मा १९३९ साली, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली त्या आठवड्यात, सकाळी झोपेतच वारल्या.