मी पुलावर का थांबले?

मित्रांनो, आकाराने लहान आणि वयाने मोठी अशी मी एक मोटार आहे. मला दोन दारं आहेत, दिवे गोल आहेत आणि इंजिन पाठीमागे आहे. पेट्रोलची टाकी मात्र पुढे, जिथे इतर गाड्यांचं इंजिन असतं तिथे. त्यामुळे मला पहिल्यांदा पाहणारा माणूस पुढची पेटी उघडतो, आत डोकावतो आणि हमखास म्हणतो, "अरेच्चा, इंजिन चोरीला गेलं की काय?" मला त्याचा कधी राग येत नाही. माणसाला प्रश्न पडला की मला बरंच वाटतं. मला स्वतःलाही पुष्कळ प्रश्न पडतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका टोकाने पत्रा आत जायचा आणि दुसऱ्या टोकाने गाडी बाहेर पडायची. मधे काय काय झालं ते मला आठवत नाही, जसा तुम्हाला तुमचा पहिला दात आठवत नाही. आठवतो तो शेवटचा माणूस. त्याने माझं दार लावलं, कान देऊन आवाज ऐकला, पुन्हा उघडून लावलं आणि म्हणाला, "हं." ती माझी पहिली शाबासकी.

मला घेतलं एका नर्सबाईंनी. घरोघर जाऊन बाळंतिणींची आणि तान्ह्या बाळांची देखभाल करणं हे त्यांचं काम. चिखल असो, धुकं असो, मी त्यांना दारात नेऊन पोचवायचे. माझा फटफट आवाज ऐकला की घरातली माणसं म्हणायची, "आली बाई गाडी, आता घोर नाही!" किती नवजात बाळांनी माझ्या आवाजाने दचकून भोकाड पसरलं असेल, देव जाणे.

पुढे बाई थकल्या आणि लेकीकडे राहायला गेल्या. मी एका शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिले. आधी टायरमधली हवा गेली, मग माझी उमेद गेली. मागच्या सीटच्या कापसात उंदरांनी संसार थाटला. ताडपत्रीच्या फटीतून उजेडाची एक रेघ यायची. ती जमिनीवरून सरकत कुठे जाते, हे बघण्यात माझे दिवस जायचे.

मग एका सकाळी ताडपत्री निघाली. नर्सबाईंचा भाचा समोर उभा होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतो. सोबत त्याची बायको आणि त्यांची लहान मुलगी ठकी. ठकी त्यांना आई आणि बाबा म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते.

"आत्याची गाडी!" बाबा हरखून म्हणाले.

"आणि उंदरांची," आई म्हणाली. "ठकी, हात लावू नकोस. गंजलेलं आहे."

आईबद्दल थोडं सांगायला हवं. तिचं शिक्षण कॉलेजात झालं, पण काळजी तिला कोणी शिकवलेली नाही. ती उपजतच. त्यांच्या घरातल्या टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज चिकटवलेला आहे. विजेच्या प्रत्येक सॉकेटला झाकण आहे. ठकीने झोपेत कूस बदलली तरी आईला शेजारच्या खोलीत ऐकू येतं. हे सगळं मला कसं ठाऊक? त्यांच्या स्वयंपाकघराला लागूनच पत्र्याची खोली होती, तिथे माझा मुक्काम होता आणि मधली खिडकी सदा उघडी. मला दिसायचं नाही, पण सगळं ऐकू यायचं.

सुट्टीच्या दिवशी बाबा माझ्या अंगावरचा गंज खरवडायचे. ब्रेक खोलले, साफ केले, पुन्हा बसवले. कार्बोरेटर जुन्या टूथब्रशने घासला. आईने पडद्याच्या उरलेल्या कापडातून सीटची खोळ शिवली. सगळं जोडून झालं तेव्हा वाटीत काही नट शिल्लक होते.

आईने वाटी उचलून विचारलं, "हे उरलेत की विसरलास?"

"कंपनीच जास्तीचे देते गं."

"हो का? मग एकेक कुठून निघाला ते शोध. तोवर कोणी हिच्यात बसायचं नाही."

बाबांनी शोधलं. सगळ्यांच्या जागा सापडल्या. मनात म्हटलं, ही बाई लक्ष ठेवणारी आहे, आपलं बरं चाललंय.

पहिल्यांदा फिरून आलो तेव्हा आईने नाक मुरडलं. "पेट्रोलचा वास येतोय. आत, सीटपाशी."

"जुन्या गाडीला येतोच थोडा."

"ठकीच्या नाकात जाईल तो थोडा."

ती घरात गेली आणि शेकायच्या जुन्या रबरी पिशवीची एक गोल चकती कापून घेऊन आली. टाकीच्या झाकणात चकती बसवली, झाकण गच्च पिळलं आणि वर एक गुद्दा हाणला. खरोखर वास कमी झाला! बाबा म्हणाले, "मान गये!" मलाही ती चकती आवडली. नवी टोपी घातल्यासारखं वाटत होतं.

आणि मित्रांनो, त्याच्या पुढच्या फेरीत मी थांबले.

कुठे थांबले? पुलाच्या बरोबर मध्यावर. मागच्या सीटवर ठकी, पाठीमागे लांबलचक ट्रक, आणि ट्रकवाला हॉर्नवरून हात काढायला तयार नाही. मला काय झालं ते माझं मलाच कळेना. आधी घसा कोरडा पडल्यासारखं झालं, मग दोन आचके आणि सगळं शांत. आईने ठकीला उचललं, छातीशी धरलं आणि कठड्याला धरून चालत पूल पार केला. वळून एकदाही पाहिलं नाही. बाबांनी थोडा वेळ मागचं, इंजिनावरचं झाकण उघडून ठेवलं, पुन्हा किल्ली फिरवली, आणि मी अशी सुरू झाले जणू काही घडलंच नव्हतं. लाज वाटली मला.

"तापते ती," बाबांनी घरी आल्यावर निदान केलं. "थांबून गार झाली की चालते. म्हणजे उष्णताच."

मग उष्णतेवरचे उपाय सुरू झाले. इंजिनाकडे पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं. ठिणगी पाडणारी कॉइल बदलून झाली. कोणीतरी सांगितलं, पेट्रोलच्या नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटे लावले की लाकूड उष्णता ओढून घेतं. झालं! दुसऱ्या दिवशी आई कपडे वाळत घालायला गेली तर टोपलीत एकही चिमटा नाही.

"माझे चिमटे?"

"बाबांनी गाडीचे केस बांधलेत," ठकी म्हणाली.

इतकं नटूनही मी थांबत राहिले. कधी पोस्टासमोर, कधी चढावर. दर वेळी वाट पाहिली की सुरू. मीसुद्धा चक्रावून गेले. आपल्याच पोटातलं कोडं आपल्याला सुटू नये?

शेवटी आईनेच विषय काढला. रोपवाटिकावाल्या काकांना त्यांच्या फाटकापाशी ठेवायला एक जुनी गाडी हवी होती. ते मला बघून गेले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "फर्स्टक्लास! इंजिन काढून टाकू. मागे वेल चढवू, पुढच्या पेटीत माती भरून जिरेनियम लावू. लोक फोटो काढतील, ताई!"

फुलांचं मला वाईट वाटलं असं नाही. माझ्या पोटात मुळं वाढताना कसं वाटेल, याचंही जरा कुतूहल होतं. पण मग मी रस्त्यावरून कधीच जाणार नव्हते. चाकांचं काय करतात तेव्हा? ते काका बोलले नाहीत.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "रविवारी येतो म्हणालेत. सकाळी मी एक शेवटची चक्कर मारू?"

आईने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी पण येते. ठकी शेजारच्या काकूंकडे बसेल."

रविवारची सकाळ कडक थंडीची होती. माझ्या काचांवर दव होतं, बाबांच्या तोंडातून वाफ येत होती. झाडांच्या सावलीतल्या रस्त्यावर, जिथे तापण्यासारखं काहीच नव्हतं, तिथे माझा घसा कोरडा पडला. दोन आचके. शांत.

बाबांनी कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. "संपलं."

"थांब," आई म्हणाली. ती खाली उतरली आणि माझ्या पाठीला हात लावून पाहिला. "अरे, आज इतका गारठा आहे. ही धड गरमसुद्धा झालेली नाही. मग उष्णता आली कुठून?"

"मग पेट्रोल संपलं असेल. बघ जरा टाकीत."

आईने पुढची पेटी उघडली आणि टाकीचं झाकण फिरवलं. ते निघेना. रबर पेट्रोलच्या वाफेने फुगून घट्ट बसलं होतं. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, आणि झाकण निघताना आवाज झाला, "सुस्स्स!" बाहेरची हवा आत घुसली. मित्रांनो, काय सांगू! मी कधीची श्वास रोखून उभी होते, आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

आई झाकण हातात धरून उभी राहिली. "किल्ली फिरव," ती म्हणाली.

"अजून गार व्हायला..."

"फिरव रे!"

मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले.

"ठकीची बाटली," आई म्हणाली. "दुधाची! आठवतं, तान्ही असताना ती चोखता चोखता थांबायची आणि रडायची? दूध असायचं, पण येत नसे. दूध सांडू नये म्हणून मी बाटलीचं झाकण गच्च पिळायचे, आणि निपल चपटं होऊन आत जायचं. जरा सैल केलं की बुडबुडे यायचे आणि दूध वाहायला लागायचं. हवा आत गेल्याशिवाय दूध बाहेर येत नाही." तिने झाकण उजेडात धरलं. रबर सोलून काढलं. खाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. "हे मीच बुजवलं. वाट पाहिली की कुठूनतरी थोडी थोडी हवा आत झिरपायची, म्हणून ही पुन्हा चालायची."

बाबांना हसू आवरेना. "म्हणजे माझ्या आत्याच्या गाडीचं तू नाक दाबून ठेवलंस!"

"आणि तू तिला चिमटे लावलेस! दाबलेल्या नाकाला आणखी चिमटे कोणी लावतं का?"

पण आई नुसत्या अंदाजावर विश्वास ठेवणारी नव्हे. तिने चकती परत बसवली, झाकण गच्च लावलं आणि बाबांना मला चालवायला लावलं. मी थांबले. चकती काढली. मी चालले, चालतच राहिले, पुलापलीकडे जाऊन परत आले. घरी आल्यावर वास पुन्हा आला, तेव्हा तिने टॉर्च घेऊन नाकानेच माग काढला. टाकीच्या तोंडाशी असलेली जुनी रबरी नळी तडकली होती. बाबांनी तिथे नवी नळी घातली आणि वास गेला. आईचं नाक खरं बोलत होतं, फक्त उपाय चुकीच्या जागी झाला होता.

दुपारी काका टेम्पो घेऊन आले. मागे मातीची पोती आणि जिरेनियमच्या कुंड्या.

"ताई, न्यायची का?"

आई माझ्या दाराशी उभी होती. तिने काकांकडे पाहिलं, मग ठकीकडे.  मग तिने माझं दार उघडलं, ठकीला उचलून मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, पट्टा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला.

"नाही काका. आम्ही जरा फिरून येतो."

"अहो, मग ही मातीची पोती?"

"त्यात झाडं लावा ना!" ठकी खिडकीतून म्हणाली.

आई स्वतः गाडी चालवायला बसली. पुलाच्या अलीकडे तिने मला बाजूला घेतलं, उतरून झाकण तपासलं, ठकीच्या कपाळावरून हात फिरवला आणि परत येऊन बसली. मग आम्ही पूल चढलो. मध्यावर तिची बोटं स्टिअरिंगवर आवळली गेली. मला ती पकड जाणवत होती. मी अगदी एकसुरात चालत राहिले. पलीकडे पोचलो तेव्हा तिने श्वास सोडला आणि काच खाली केली.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू मधेच बंद पडत असेल. तिला फेकू नका, आणि घाईघाईने तिचं काही बुजवूही नका. ती कधी थांबते आणि कधी चालते, एवढं नीट पाहा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आम्ही थांबतो.