पोटात बुडबुडा असलेला फासा

मी फासा बोलतोय. सहा बाजूंचा, ठिपक्याठिपक्यांचा तो नव्हे बरं का. तो माझा लांबचा चुलतभाऊ, त्याचं जग सहाच्या पुढे जात नाही. मला वीस बाजू आहेत, प्रत्येक बाजूवर एक आकडा, आणि रंग विचाराल तर हिरडीचा. हसा, हसा. मला पहिल्यांदा बघणारे सगळेच हसतात.

हिरडीचा, कारण माझा जन्म झाला कवळ्या बनवतात तिथे. दवाखान्याच्या मागची खोली, लांब टेबल, मेणाचा वास, फळीवर साच्यांच्या रांगा आणि नजर टाकाल तिथे कुणाचे ना कुणाचे दात. तिथे ताई काम करते. धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो म्हणून सगळेच ताई म्हणतात, तिच्याहून मोठे असलेले शेजारचे वकीलसाहेबसुद्धा. दिवसभर ती दुसऱ्यांच्या तोंडांची सोय करते, आणि स्वतःच्या तोंडाला मात्र लगाम नाही.

एका संध्याकाळी तिने उरलेली गुलाबी पूड कालवली, साच्यात दाबली आणि उकळत्या पाण्यात सोडली. कवळीचं प्लास्टिक सावकाश शिजवावं लागतं, घाई केली की आत हवा अडकते. ताईला हे काय कुणी शिकवायला हवं होतं? पण तिला खेळायला जायची घाई होती. झालं! माझ्या पोटात, सतरा आकड्याच्या अगदी खाली, मिरीच्या दाण्याएवढा बुडबुडा राहिला. तो आजही आहे.

खेळ कसला ते सांगतो. चौघं एका टेबलाभोवती बसतात. ताई गोष्ट सांगते, बाकीचे तिघं गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करणार ते बोलतात. कड्यावरून उडी मारली, तर पोचलो की पडलो? ते फासा ठरवतो; आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, खेळात तो जादूगार. भावजय शाळेत गणित शिकवते, आवाज न चढवता अख्खा वर्ग गप्प करते; खेळात ती कुऱ्हाड घेऊन हिंडणारी राक्षसीण. आणि वकीलसाहेब, ज्यांनी आयुष्यात कधी लाल दिवा ओलांडला नाही, ते खेळात पट्टीचे चोर.

ताई मला राक्षसांसाठी टाकायची आणि मी सतरा दाखवायचो. नेहमी नाही हो, पण जरा जास्तच. चोराच्या डोक्यात तिसऱ्यांदा गदा बसली तेव्हा वकिलांनी हरकत घेतली. भावजयीने ग्लासभर पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत मीठ घातलं आणि मला आत सोडलं. तेवढ्या खारट पाण्यात मी तरंगतो. तिने टिचकी मारली, मी गरगर फिरलो, वर सतरा. पुन्हा टिचकी, पुन्हा सतरा. बुडबुडा हलका, तो वर येणारच. वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "फासा खोटा आहे." एका वाक्यात माझा निकाल लागला.

मला फार लागलं ते. मी कुणाला फसवलं नव्हतं, मी फक्त माझ्या पोटातल्या हवेप्रमाणे वागत होतो. पण फाशाचं कोण ऐकतो? टेबलावर काचेचा नवा निळा फासा आला आणि माझी रवानगी ताईच्या पिशवीतल्या डबीत झाली, सोबतीला दोन तुटक्या दाढा.

डबीचं झाकण सैल होतं, म्हणून पुढची सगळी बोलणी माझ्या कानावर पडली. ताईच्या डोक्यात समुद्र शिरला होता. सुट्टी काढायची, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली जायचं आणि संध्याकाळी समुद्राखालचीच गोष्ट खेळायची. बुडालेलं एक शहर तिने रचलं होतं. तिघांची पात्रं कितीतरी आठवडे त्याच्या वेशीपर्यंत येऊन थांबली होती. दरवाजा उघडायचा तो खऱ्या समुद्रावरच, असा तिचा हट्ट.

मग काय, प्रत्येकाचं घोडं निराळ्या जागी अडलं. वकिलांनी डायव्हिंग शिकवणाऱ्यांची नियमावली इतकी बारकाईने वाचली, की बहुधा लिहिणाऱ्यानेही तेवढी वाचली नसेल. भावाला एकच चिंता, टाकीत हवा भरणारं यंत्र शेवटचं कुणी आणि कधी तपासलं. भावजयीला घर हवं होतं गोल टेबलाचं, कारण लांब टेबलावर टोकाचा माणूस ओरडतो आणि मग तिला शाळेत असल्यासारखं वाटतं. शेवटच्या दिवसावरून मात्र वाद झाला नाही. पाण्याखाली जाऊन आल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं, अंगात मुरलेला वायू त्रास देतो. म्हणजे तो अख्खा दिवस किनाऱ्यावर रिकामा. ताई म्हणाली, रिकामा कसला, तो खेळाचा. सगळं ठरलं, तिकिटं झाली, घर मिळालं, टेबल गोल निघालं.

राहिली फक्त डॉक्टरची चिठ्ठी. तिघांना मिळाली. ताईच्या कानात डॉक्टरांनी दिवा धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. लहानपणी तिचा कान फुटला होता, पडद्याला भोक राहिलं होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं. खाली पाण्याचा दाब येतो, त्या भोकातून गार पाणी आत शिरलं की चक्कर येते, वर कुठलं आणि खाली कुठलं तेही कळत नाही. ऑपरेशन करता येईल, पण या सुट्टीपर्यंत नाही.

ताई तिथे हसून निघाली. कामाच्या खोलीत आली, दार लावलं आणि रडली. अगदी हमसून. मी आणि दोन दाढा, तेवढेच साक्षीला. मग तिने डोळे पुसले, कुणाची तरी कवळी हातात घेतली आणि ती चकचकीत झाली तरी घासत राहिली.

त्या आठवड्यात टेबलाभोवती खेळ झालाच नाही. भाऊ म्हणाला, सगळं रद्द करू. भावजयीनेही मान डोलावली. मायेपोटीच बोलत होते, पण ताईचा पारा चढत चाललेला मला पिशवीत कळत होता.

"रद्द करा," ती म्हणाली, "आणि मग जन्मभर माझ्याकडे बघून उसासे टाका. मला नको ते. तुम्ही तिघं खाली जाणार, मी बोटीवर बसणार आणि संध्याकाळी गोष्ट मीच सांगणार."

वकील सावकाश बोलले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण पटलेलं नव्हतं. समुद्र बघून आलेल्या तिघांना, तो न बघितलेलं माणूस समुद्राची गोष्ट कशी सांगणार? रोज आम्ही बोलणार आणि तुम्ही ऐकत बसणार, त्यात तुम्हालाच त्रास होईल, ताई.

"आजवर जे राक्षस तुमच्या अंगावर सोडले, ते काय माझ्याकडे चहाला येऊन गेले होते?"

भाऊ फिस्सकन हसला. ताई हसली नाही. तिने पिशवीत हात घातला, डबी उघडली आणि मला टेबलावर ठेवलं. किती दिवसांनी उजेड बघितला मी! तिने पैज मांडली. शहराचा दरवाजा उघडायला पंधरा किंवा त्याहून मोठा आकडा हवा. तो डाव समुद्राच्या तळाशी टाकायचा, याच फाशाने. आणि तिघं वर आले की त्यांनी तोंड उघडायच्या आत खाली काय झालं ते ती सांगेल. चुकली, तर गोष्ट सांगणाऱ्याची खुर्ची वकिलांची. ती गुमान एका बाजूला बसून खेळेल.

वकिलांनी मला उचलून उजेडात धरलं. सतराचं ठाऊक आहे मला, म्हणाले, पण समुद्र म्हणजे ग्लास नव्हे, तिथे प्रवाह असतो, तळ उंचसखल असतो. तरीही? तरीही, ताई म्हणाली. त्यांना काय माहीत, ही खुर्ची गेली तर ताईचं काय जाईल. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांवर मान मोडून काम करणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदा तीन माणसं श्वास रोखून ऐकत. तेवढंच तिचं स्वतःचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. कामाच्या खोलीत एक उंच बरणी होती. ताई त्यात पाणी भरायची आणि मला वरून सोडायची. साध्या पाण्यात मी तरंगत नाही, सावकाश बुडतो. बुडता बुडता बुडबुडा वर सरकतो आणि तळाशी सतरा. पुन्हा सतरा. फक्त कधी बरणीच्या भिंतीला टेकलो, की तिरका अडकायचो आणि भलताच आकडा दाखवायचो. ताई मग म्हणायची, "टेकू नकोस रे बाबा." हात सुरकुतेपर्यंत ती थांबायची नाही.

आणि तो दिवस आला. शिकवणाऱ्याने एकच अट घातली होती, समुद्रात काही टाकून यायचं नाही, फासा परत आला पाहिजे. भावाने मला जाळीच्या पिशवीत घालून कमरेला बांधलं. ताई बोटीच्या कडेला बसली होती, कानांवरून रुमाल घट्ट बांधलेला. तिने जाळीवरूनच मला एकदा चिमटीत धरलं. बोट तिच्यासकट वर राहिली आणि आम्ही खाली गेलो.

खाली आवाजच नव्हता. होता तो फक्त तिघांच्या श्वासांचा आणि वर जाणाऱ्या त्यांच्या बुडबुड्यांचा. भाऊ बोटीवर सांगत होता तसं तीन मजले खाली, लिफ्टशिवाय. वाळू दिसली, भुरकट, मऊ. मध्ये मध्ये दगड. तिघं गोल करून गुडघ्यांवर बसली, जणू टेबलच आहे समोर, आणि भावाने मला मोकळं सोडलं.

फाशाने काही ठरवायचं नसतं. तो पडतो, माणसं ठरवतात. पण त्या दिवशी मी ठरवलं होतं, दुसरा आकडा दाखवायचाच नाही. मी बुडत होतो, बुडबुडा वर सरकत होता, सगळं बरणीतल्यासारखं. तेवढ्यात प्रवाहाने धक्का दिला. मी वाहवलो आणि एका दगडाला तिरका टेकलो. वर नऊ.

संपलं, असं वाटलं मला. भावाने डोळे मिटले. भावजयीने हात पुढे केला, तो मला उचलायला, पण त्याआधी एक बोट माझ्यापुढे आलं आणि डावीकडून उजवीकडे हललं. वकील! टेकलेला फासा धरत नाहीत, हा टेबलाचा जुना नियम आणि सगळ्यात जास्त वेळा तो सांगणारेही तेच. स्वतःच्या फायद्याचा निकाल समोर पडला होता, तरी हा माणूस पाण्याच्या तळाशी नियम सांगत होता. मी त्यांच्यावरचा जुना राग तिथेच सोडला. समुद्रात मी टाकून आलो ते तेवढंच.

त्यांनी मला स्वतःच्या हाताने उचललं. दगडांपासून लांब, सपाट वाळूवर आणलं. प्रवाह ओसरेपर्यंत थांबले, बाकी दोघंही थांबले. मग सोडलं. मी सरळ खाली उतरलो आणि वाळूत अर्धा रुतून बसलो. सतरा.

वर यायला वेळ लागतो, घाई चालत नाही. हे बरीक मला पटलं, घाईचं फळ माझ्या पोटातच आहे. डोकी पाण्याबाहेर आली. ताई होती तशीच कडेला बसलेली, पाण्याकडे टक लावून डोळे लाल झालेले. तिघांनी तोंडातल्या नळ्या काढायच्या आत तिने हात वर केला.

"गप्प. आधी मी," ती म्हणाली. "तुमचे बुडबुडे एका जागी वर येत होते, म्हणजे गोल करून बसलात. मग सरकले, तिघांचेही, थोडेसेच. मग पुन्हा एका जागी, बराच वेळ. एकदा टाकून झालं असतं तर लगेच वर आला असतात. पहिला टेकला. तो तुम्ही धरू दिला नाहीत, वकीलसाहेब, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही ते. जागा बदलून पुन्हा टाकला." तिने कानांवरचा रुमाल सोडला. "आणि सतरा."

तिघांनी तोंडातल्या नळ्या काढल्या. वकिलांच्या तोंडावर मास्कचा लाल वळ उठला होता. त्यांनी बोटीची कड धरली आणि मान खाली घातली.

"आम्ही तिघं खाली होतो आणि मला वाटत होतं, तुम्ही एकट्या वर आहात," ते म्हणाले. "खुर्ची तुमची, ताई. मी मागायलाच नको होती."

आता संध्याकाळ आहे. गोल टेबल, चार खुर्च्या, खिडकी उघडी. निळा फासा बाजूला सरकवून वकिलांनी स्वतः मला ताईपुढे ठेवलंय. बुडालेल्या शहराचा दरवाजा सतरावर उघडलाय आणि आत काय आहे ते ताई सांगतेय. मध्येच थांबून विचारते, वाळू कशी होती रे, उजेड कुठून येत होता, आणि तिघं एकदम बोलायला लागतात. ती ऐकते, आणि तेच गोष्टीत घालून पुढे जाते. पुढच्या वर्षी कान दुरुस्त करून खाली जाणार, असं तिने डॉक्टरांना कळवूनही टाकलंय. विचारलं नाही, कळवलं.

माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. माझ्या अंगावर समुद्राचं पाणी सुकून पांढरे डाग पडलेत, आणि भावजय मघापासून मला धुवायला निघालीय. तिला कुणीतरी अडवा. ग्लासातल्या मिठाने मला एकदा खोटं ठरवलं होतं. हे मीठ राहू द्या माझ्या अंगावर.