बिनसड्याचं अंगण

...वीट उचलली तर खाली चावी नव्हती. होता तो तिचा ठसा — ओल्या मातीत उमटलेली गंजाची लालसर रेघ, वर एक वाटोळं, खाली दोन दात, आणि त्या दातांमधून निवांत चाललेली एक गोम. गिरजाबाई उकिडवीच राहिली. रांजणाशेजारची ही तिसरी वीट. इथं जादा चावी असते हे घरातल्या तिघांनाच ठाऊक, आणि त्या तिघांतला एक चार वर्षांपासून घरात नाही.

"सापडली का?" आतून नवऱ्याचा, देवरावांचा आवाज आला. "काढ तिथून. नवं कुलूप आलं तरी जुनी चावी बाहेर नको. चोर पयले रांजणापाशीच पाह्यतेत."

"पाहून राह्यली," ती म्हणाली, आणि वीट होती तशीच बसवली, अलगद, जणू खाली कोणी झोपलं आहे.

दुपारच्या बसने नागपूर, तिथून अजिंठा-वेरूळ. आठ दिवस. देवरावांच्या नोकरीचं हे शेवटचं वर्ष. प्रवासाची सवलत त्यांनी आजवर कधी घेतली नव्हती, आणि आता घेतली तर महिनाभर तयारी चालली ती प्रवासाची नव्हे, घराची. दिवाळीपासून ब्रह्मपुरीत तीन घरं फुटली होती. म्हणून सात खटक्यांचं नवं कुलूप आलं, मुठीएवढं. जुनं स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलं गेलं. दोरीवर एक सदरा वाळत राहणार, दारात त्यांच्या जुन्या चपला. पडवीतला दिवा सांजेला शेजारची खैरुन लावणार, आणि सकाळी अंगणात सडाही तीच टाकणार. कारण इकडचा चोर कुलूप पाहत नाही, अंगण पाहतो. ज्या दारात सकाळी शेणाचा सडा नाही त्या घरात बाई नाही, आणि बाई नाही म्हणजे घर रिकामं... बाईची एवढी कदर चोरांशिवाय कोणी केली नसेल.

पण चावी?

नेली असेल एखाद्या पोराने खेळायला. ठेवली तेव्हापासून तिनेच ती वीट कधी उचलली नव्हती. बी पेरल्यावर रोज उकरून पाहू नये, तसं. म्हणजे चावी कधी गेली हे सांगणार कोण — काल, की वर्षापूर्वी, की...

दसऱ्यानंतरचा तो पेला.

दरवर्षी दसऱ्याला दोघं दीक्षाभूमीला जातात, दोन दिवस घर बंद. यंदा परत आली तर माठाच्या झाकणीवर पेला पालथा घातलेला. ती पेला कधी पालथा घालत नाही. देवराव तर पेला प्यालेल्या जागीच सोडतात. पालथा घालायची सवय पोराची, कुलदीपची, लहानपणापासून, पेल्यात मुंगी जाते म्हणून. तेव्हा तिने स्वतःलाच हसून घेतलं होतं — वय झालं गिरजे, हात काय करतो ते डोक्याला कळत नाही. पेला धुऊन सरळ ठेवला होता.

ती कुंपणापाशी गेली. खैरुन कोंबड्यांना कोंडा टाकत होती.

"खैरुन, दसऱ्याले आमी नव्हतो, तवा तू घरात गेलती का?"

"मी? मले कुठी चावी होती, बाई? बाहेरूनच पाह्यत होती." मग थांबून, "काऊन? काही गेलं का?"

"नाई," गिरजाबाई म्हणाली. "गेलं काहीच नाई."

चार वर्षांपूर्वी कुलदीपने कॉलेज सोडलं आणि कुरखेड्याच्या सवारी जीपवर क्लीनर म्हणून चालला. माझा पोरगा पायरीवर लटकून सवाऱ्या बोलावणार का, म्हणून देवराव भडकले होते, आणि म्हणाले होते, जोवर मी या घरात आहे तोवर पाय ठेवू नको. रागात माणूस बोलतो. ऐकणाऱ्याने त्यातलं थोडं सांडू द्यावं. पण हा पोरगा सांडू देणारा नव्हता — सहा वर्षांचा असताना बाजारात बाप म्हणाला, मी येतो तोवर इथंच बस. आणि बाप गप्पांत विसरला, तर हा अंधार पडेपर्यंत कांद्यांच्या ढिगाशेजारी बसून होता, लघवीलासुद्धा उठला नाही. बापाचा शब्द तो असा पाळतो, अक्षर न् अक्षर... जोवर मी या घरात आहे तोवर.

म्हणजे नसताना चालतं.

तिने कुंपणाचा बांबू धरला. म्हणजे दसऱ्याचे दोन दिवस सोडले तर मी चार वर्षं दार उघडं ठेवून बसले, कोणाच्या लग्नाला राहिले नाही, माहेरी मुक्काम केला नाही, तो आला तर घरात कोणी असावं म्हणून; आणि त्याला हवं होतं ते रिकामं घर. आता आठ दिवस घर रिकामं, आणि आम्ही काय करून ठेवलंय — दोरीवर बापाचा सदरा, दारात बापाच्या चपला, पडवीत दिवा, अंगणात सडा. लांबूनच पाहील आणि वळेल. आणि नाहीच वळला, तर त्याच्या खिशातली चावी या नव्या कुलपात फिरणार नाही.

"खैरुन," ती म्हणाली, "सडा नको टाकू. दिवा बी राहू दे."

खैरुनने कोंड्याचं टोपलं खाली ठेवलं. "चोराले दावत देतं का, बाई?"

गिरजाबाईने कुंपणाचा बांबू सोडला. पेटीत तिची सोन्याची पोत होती, कोठीत वर्षाचं धान. खैरुन तिच्या तोंडाकडे पाहत राहिली, मग कोंबडीला हुसकत म्हणाली, "बरं. मी आपल्या अंगणातूनच ध्यान ठेवतो. कोनी आलं तर लगेच बोंब नाई मारत. पयले तोंड पाह्यतो."

रिक्षा आली. "तुमी पिशव्या ठेवा," तिने देवरावांना सांगितलं, "मी दार ओढून येतो." सदरा दोरीवरून काढला. चपला आत घेतल्या. माठ भरलेला होता. पेला तिने पालथा घातला. मग खिळ्यावरचं जुनं कुलूप काढून दाराला लावलं, आणि नवं, तेलाचा वास येणारं, साडीच्या घडीत गुंडाळून स्वतःच्या पिशवीत घातलं.

बस सुटली. कापून झालेली धानाची शेतं दोन्हीकडून मागे जाऊ लागली. देवरावांनी खिसा चाचपला. नव्या कुलपाच्या तिन्ही चाव्या वाजल्या.

"कुलूप नीट लावलं ना?"

"लावलं."

"ओढून पाह्यलं?"

"पाह्यलं."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. हे आता सांगावं का... नागभीड येईपर्यंत सांगावं, की वेरूळला, की कधीच नाही? सांगितलं तर हे उतरतील आणि परत फिरतील. सदरा पुन्हा दोरीवर टांगायला, की पोराला भेटायला, हे मात्र तिला ठरवता येईना. मांडीवरची पिशवी जड होती. तिने ती बाजूला ठेवली नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच घर मागे पडत होतं आणि तिला मागे वळून पाहावंसं वाटत नव्हतं. उलट बस हळू चालते आहे, असं वाटत होतं — अजून लांब जायला हवं, आपण अजून पुरेसे लांब गेलेलो नाही.